मधल्या वर्षाची अमानत

वैद्यकीय प्रवेशासाठी होणाऱ्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला, की आपल्या समाजात दोन प्रकारची घरे दिसू लागतात. काही घरांत मिठाई वाटली जाते आणि शुक्राण्याची नमाज अदा होते. उरलेल्या घरांत, आणि ती संख्येने फार अधिक असतात, ताटे वाढलेली असतात पण जेवणाकडे कोणाचे लक्ष नसते. गेल्या वर्षी अशाच एका घरात मी बसलो होतो. ते घर माझ्या धाकट्या बहिणीचे होते. भाचीला मिळालेले गुण वाईट नव्हते, पण सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळेल इतके ते नव्हते.

खोलीत प्रत्येकाचे स्वतंत्र मत होते. मेहुण्यांना वाटत होते की मुलीला लातूरच्या एखाद्या शिकवणी वर्गात वर्षभर ठेवावे, पैशांचे पुढे पाहता येईल. मुलीच्या दादींचे म्हणणे असे की एक चांगले स्थळ आले आहे, त्याचा विचार व्हावा. एका चाचांनी खाजगी महाविद्यालयाच्या शुल्काची चौकशी करून ठेवली होती. ज्या मुलीच्या आयुष्याबद्दल हे सारे चालले होते, ती मात्र दाराजवळ ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळीत उभी होती. मी निघालो तेव्हा ती जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, “मामू, पुन्हा परीक्षा द्यायची तर एक वर्ष थांबावं लागेल. थांबणं म्हणजे वर्ष वाया घालवणं असतं का?”

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले. तरी या प्रश्नाचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. त्यानंतर त्यावर बराच विचार झाला, तोच येथे मांडीत आहे. हा प्रश्न केवळ माझ्या भाचीचा नाही. २०२५ साली सुमारे २२ लाख मुलामुलींनी ही परीक्षा दिली आणि त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पात्र ठरले, परंतु एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे पात्र ठरूनही प्रवेश न मिळणारे लाखोंनी असतात. पात्र ठरलेले मूल प्रवेशाला मुकले म्हणजे ते नालायक आहे, असा निष्कर्ष काढणे हा सरळसरळ अन्याय आहे.

वर्ष कोणाचे?

‘वर्ष वाया गेले’ असे आपण सहज म्हणतो, पण या वाक्यामागे एक गृहीत लपलेले असते. ज्या वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र, प्रवेश किंवा पगार मिळाला ते वर्ष कामी आले आणि ज्याच्या शेवटी यांपैकी काहीच मिळाले नाही ते फुकट गेले, असे आपण धरून चालतो. वेळेचा हा हिशेब बाजारातला आहे. इस्लामने शिकविलेला हिशेब याहून वेगळा आहे.

सूरह अल्-अस्रमध्ये अल्लाहने काळाची शपथ घेऊन मानव तोट्यात असल्याचे सांगितले आहे. त्या तोट्यातून कोण वाचतो, तेही तेथेच स्पष्ट केले आहे. ईमान, सत्कर्म, एकमेकांना सत्याची ताकीद आणि एकमेकांना संयमाची ताकीद या चार गोष्टी ज्यांच्याजवळ आहेत, ते वाचतात. या यादीत यश नाही, पद नाही, पदवीही नाही. तिरमिजीतील एका हदीसचा आशय असा, की कयामतच्या दिवशी माणसाला आपले आयुष्य कशात घालविले, ज्ञानाचे काय केले, संपत्ती कोठून मिळविली व कशावर खर्चिली आणि शरीर कशात झिजविले, याचा जाब द्यावाच लागेल. हे प्रश्न सर्वांसाठी सारखेच आहेत. महाविद्यालयात गेलेल्या वर्षाचा जाब द्यावा लागेल, तसाच घरी बसून गेलेल्या वर्षाचाही.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे आहे. मधले वर्ष हा आयुष्यातला कोरा कागद नव्हे. ते इतर वर्षांइतकेच पूर्ण वर्ष आहे आणि अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. त्याचे मोल पुढच्या निकालावर अवलंबून नसते. त्या वर्षात माणूस कसा वागला, यावर ते अवलंबून असते.

हजरत यूसुफ (अलै.) यांची मधली वर्षे

या बाबतीत कुरआनातील सर्वांत मोठा धडा हजरत यूसुफ (अलै.) यांच्या जीवनात आहे. काहीही अपराध नसता त्यांना तुरुंगात जावे लागले आणि तेथे कित्येक वर्षे काढावी लागली. ज्या सहबंद्याने सुटल्यावर त्यांचा उल्लेख राजाजवळ करायचा होता, तो ते विसरून गेला. आपल्या नेहमीच्या भाषेत त्यांची ऐन उमेदीची वर्षे ‘वाया’ गेली.

सूरह यूसुफ सावकाश वाचली तर एक गोष्ट ध्यानी येते. दोन सहबंदी आपापली स्वप्ने घेऊन त्यांच्याकडे आले, तेव्हा आपण मुहसिन म्हणजे सदाचारी दिसता, असे कारण त्यांनी दिले (१२:३६). पुढे यूसुफ (अलै.) मिसरच्या कारभारात अधिकारपदावर पोहोचले आणि त्यांचे भाऊ त्यांना न ओळखता समोर उभे राहिले, तेव्हा त्या भावांच्या तोंडीही अगदी तेच शब्द आले (१२:७८). तुरुंगातल्या बंद्याबद्दल आणि अधिकारावरील मनुष्याबद्दल लोकांची साक्ष एकच होती. पद बदलले, पण माणूस बदलला नाही. शिवाय स्वप्नांचा अर्थ सांगण्याचे जे ज्ञान पुढे साऱ्या देशाला दुष्काळातून तारण्यास कामी आले, ते त्यांनी तुरुंगात दोन सामान्य बंद्यांसाठीही वापरले होते. चांगले दिवस येईपर्यंत त्यांनी ते राखून ठेवले नाही.

प्रवेशाची वाट पाहणाऱ्या मुलाला यातून काय मिळते? ‘आधी डॉक्टर होऊ दे, मग मी लोकांच्या उपयोगी पडेन’ हा विचार अपुरा आहे, हे त्यातून कळते. जो आज घरातल्या आजारी आजोबांना औषध वेळेवर देत नाही, तो उद्या पांढरा कोट घातल्यावर दयाळू होईल, असे कशावरून मानावे?

डॉक्टर का व्हायचे?

पुन्हा परीक्षा द्यायची की नाही, हे ठरविण्यापूर्वी ‘का’ हा प्रश्न विचारला पाहिजे. कर्मांचा आधार नियतीवर आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण मुलांच्या शिक्षणाच्या वेळी ही हदीस आपल्याला क्वचितच आठवते. वैद्यकशास्त्र शिकणे हे मोठे काम आहे, यात शंका नाही. एका माणसाचा जीव वाचविणे म्हणजे जणू साऱ्या मानवजातीला जीवन देणे, अशी शिकवण कुरआन देतो (५:३२). इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये वैद्यकशास्त्राला फर्जे किफाया म्हटले आहे. कित्येक गावांत एकही मुस्लिम वैद्य नाही आणि लोक मात्र फिक्हच्या वादविवादांकडे धावतात, अशी खंतही त्यांनी तेथे व्यक्त केली आहे.

परंतु फर्जे किफायाचा अर्थ आपण पूर्ण समजून घेतला पाहिजे. हे कर्तव्य संपूर्ण समाजावर असते. पुरेशा लोकांनी ते पार पाडले की इतरांवरचा भार उतरतो. समाजात डॉक्टर असावेत, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे. ‘माझ्याच मुलाने डॉक्टर व्हावे’ असा हुकूम त्यातून निघत नाही. ज्याला शिक्षक, अभियंता, वकील किंवा परिचारिका व्हायचे आहे, तोही अशाच एखाद्या कर्तव्याचा वाटा उचलीत असतो. म्हणून एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करण्याचा निर्णय मुलाच्या स्वतःच्या ओढीतून आणि कुवतीतून यावा. मोहल्ल्यात किंवा नातेवाइकांत मान राहावा म्हणून ते वर्ष मुलावर लादले जात असेल, तर त्याला दीनी रंग देऊ नये.

मी भाचीला हाच प्रश्न विचारला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “नानी गेल्या तेव्हा डॉक्टर काय सांगत होते ते घरात कुणालाच कळत नव्हतं. ते समजावून सांगणारं कुणीतरी आपल्या घरात असावं, असं तेव्हा वाटलं.” हे उत्तर फार मोठे नव्हते, पण ते तिचे होते. पुन्हा प्रयत्न करण्यास तेवढे कारण मला पुरेसे वाटले.

सल्ला, निश्चय आणि भरवसा

सूरह आले इमरानमध्ये अल्लाहने आपल्या पैगंबरांना (स.) सोबत्यांशी सल्लामसलत करण्यास आणि निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले आहे (३:१५९). यातील क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सल्ला, मग निश्चय आणि मग तवक्कुल. आपण अनेकदा हा क्रम उलटा करतो. विचार न करताच ‘अल्लाह मालिक आहे’ म्हणून मोकळे होतो, किंवा निश्चय झाल्यानंतरही रोज नव्याने सल्ले गोळा करीत मुलाचे मन अस्थिर करतो. उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही पैगंबरी शिकवण आपल्याला ठाऊक आहे. प्रवेश परीक्षेच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे काय, हे पाहू.

त्यात सर्वप्रथम गेल्या परीक्षेची प्रामाणिक तपासणी येते. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण होते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळत आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण कापला जाई. भाचीने उत्तरतालिकेशी आपली उत्तरे ताडून चुकांचे तीन गट केले. काही प्रश्नांचा अभ्यासच झालेला नव्हता, काही येत असूनही घाईत चुकले होते आणि काहींची उत्तरे केवळ अंदाजाने ठोकली होती. तिचे सर्वाधिक गुण तिसऱ्या गटात गेले होते. म्हणजे तिला आणखी एका महागड्या शिकवणी वर्गाची तितकी गरज नव्हती. जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणून सोडण्याचे धैर्य तिला हवे होते.

येथे सहीह मुस्लिममधील एक हदीस आठवते. जे लाभदायक आहे त्याची आस धरावी, अल्लाहची मदत मागावी आणि हतबल होऊ नये, अशी शिकवण त्यात आहे. संकट आल्यावर ‘मी असे केले असते तर’ म्हणत बसू नये, कारण हा ‘तर’ सैतानाच्या कामाला दार उघडतो, असेही तीत म्हटले आहे. काहींना वाटेल की मग चुकांची तपासणी तरी कशाला? पण दोहोंत फरक आहे. तपासणीतून उद्याचे काम ठरते, तर ‘असे केले असते तर’ यातून केवळ कालचा जाळ पेटता राहतो. कागदावर मांडून त्यातून अभ्यासाचे वेळापत्रक काढले की तपासणी संपली. त्यानंतर तीच गोष्ट जेवताना, पाहुण्यांसमोर आणि रात्री झोपताना उगाळली जात असेल, तर आपण त्या दारात उभे आहोत असे समजावे.

इस्तिखाऱ्याविषयीही गैरसमज आहे. इस्तिखारा म्हणजे स्वप्नात हिरवा किंवा लाल रंग दिसण्याची वाट पाहणे नव्हे. ती एक दुआ आहे. हे काम माझ्या दीनसाठी, जीवनासाठी आणि परिणामासाठी हितकर असेल तर ते माझ्यासाठी सोपे कर, नसेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि जेथे हित आहे ते माझ्या नशिबी लिही, असे मागणे त्यात असते. ही दुआ ज्याने मनापासून मागितली, त्याने ‘दूर कर’ या उत्तरासाठीही मनाची तयारी ठेवली पाहिजे.

वर्ष कसे घालवावे?

निश्चय झाल्यावर पुढचा प्रश्न येतो तो दिवसाच्या आखणीचा. येथे मला एक कसोटी उपयोगी वाटली. ‘पुढच्या वर्षीही प्रवेश मिळाला नाही, तर या वर्षातले काय माझ्या हाती राहील?’ असे मुलाने स्वतःला विचारावे. ‘काहीच नाही’ असे उत्तर येत असेल, तर आखणीत काहीतरी चुकले आहे.

यावर मेहुण्यांनी आक्षेप घेतला आणि तो गैर नव्हता. ते म्हणाले, “इतर मुलं बारा-चौदा तास अभ्यास करतात. हिने दुसऱ्या कामाला एक तास दिला, तर तेवढे गुण कमी होणार. मग तुमची कसोटी काय कामाची?” हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. परीक्षा कठीण आहे आणि स्पर्धा निर्दय आहे. एखाद्या मुलाला खरोखरच सारा दिवस पुस्तकांना द्यावा लागेल. त्याने तो चांगल्या नियतीने द्यावा, तेही सत्कर्मच आहे. परंतु हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना काय समजाविले होते, ते आठवावे. अबू दरदा (रजि.) तर इबादतीत रात्री जागत होते आणि दिवसा रोजे ठेवीत होते. तुझ्यावर तुझ्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुझ्या देहाचा हक्क आहे आणि तुझ्या घरच्यांचाही हक्क आहे, ज्याचा त्याला हक्क दे, असे सलमान (रजि.) त्यांना म्हणाले. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सलमान खरे बोलला, असा निर्वाळा दिला. इबादतीलासुद्धा जेथे मर्यादा घातली गेली, तेथे एका परीक्षेने मुलाची झोप, नमाज, आई-वडिलांशी दोन शब्द बोलणे, हे सारे गिळून टाकावे, याला दीनचा आधार कसा मिळेल?

भाचीने शेवटी घरीच राहण्याचे ठरविले. फज्रनंतर दुपारपर्यंत आणि असरपासून रात्री इशापर्यंत अभ्यास, मध्ये विश्रांती आणि घरातली लहानसहान कामे. त्याखेरीज आठवड्यातून दोन संध्याकाळी ती गावातल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊ लागली. तेथे केसपेपर काढणे, वजन-उंची नोंदविणे, म्हाताऱ्या रुग्णांना औषधाच्या वेळा त्यांच्या बोलीत समजावून देणे, अशी कामे ती करी.

एकदा कंपाउंडर रजेवर असताना एका रुग्णाने तिलाच इंजेक्शन देण्याचा आग्रह केला. तिने नकार दिला, तेव्हा त्या गृहस्थांना राग आला. घरी येऊन तिने मला विचारले, “मी चुकले का?” मी तिला अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीस सांगितली. वैद्यकीचे ज्ञान नसता जो उपचार करील, तो होणाऱ्या नुकसानीस जबाबदार राहील, असा तिचा आशय आहे. सेवेची ओढ असली तरी आपल्याला जे येत नाही त्याला हात न लावणे, हा वैद्यकीतला पहिला धडा आहे. परीक्षेत अंदाजाने उत्तरे ठोकणाऱ्या मुलीने तो दवाखान्यात गिरवला, याचे मला विशेष वाटले.

आपल्या इतिहासात रुग्णसेवेचे उदाहरण शोधायचे तर हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव प्रथम येते. खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना मशिदीतील रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवण्यास सांगितले. तेथे त्या जखमींची शुश्रूषा करीत. आपल्या मुलींना सेवेच्या क्षेत्रात जाण्यापासून अडविताना हा तंबू आपण विसरू नये.

पैसा आणि न्याय

मधल्या वर्षाला खर्च येतो आणि तेथेच घराघरांतल्या नियतीची परीक्षा होते. व्याजाचे कर्ज काढून, आईचे दागिने विकून किंवा धाकट्या भावंडाचे शिक्षण थांबवून हे वर्ष उभे केले जात असेल, तर त्याचे ओझे मुलाच्या प्रत्येक चाचणी परीक्षेवर पडते. व्याजाविषयी कुरआनचा इशारा किती कठोर आहे, हे वाचकांना सांगायला नको. ज्या व्यवसायातून पुण्य कमवायचे आहे, त्याचा पाया हरामवर रचू नये. हीच गोष्ट प्रवेशाच्या आडवाटांना लागू आहे. २०२४ साली याच परीक्षेच्या प्रश्नपत्रिका फुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फसवणूक करणारा आमच्यातला नाही, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. चोरलेल्या जागेपेक्षा प्रामाणिकपणे थांबलेले वर्ष कितीतरी श्रेष्ठ आहे.

आणखी एक गोष्ट कटू आहे, पण सांगितलीच पाहिजे. आपल्या कित्येक घरांत मुलाला दोन-दोन वर्षे थांबण्याची मुभा मिळते आणि मुलीला मात्र एकही वर्ष मिळत नाही. तिच्या बाबतीत ‘वय वाढते आहे’ हे वाक्य लगेच पुढे येते. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि तिला पैगंबर (स.) यांची साक्ष मागितली. सर्व अपत्यांना असेच दिलेस का, असे पैगंबरांनी (स.) विचारले. उत्तर ‘नाही’ असे येताच त्यांनी अल्लाहचे भय बाळगण्यास आणि आपल्या अपत्यांत न्याय करण्यास सांगितले. एक वर्ष हीसुद्धा देणगीच आहे. ती मुलाला दिली आणि मुलीला नाकारली, तर आपण कोणाची साक्ष काढणार? दादींना हे हळुवारपणे समजावून सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या स्थळाचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझी चूक

हे सारे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी माझ्या थोरल्या मुलाला याच परीक्षेसाठी दूरच्या शहरात दोन वर्षे ठेवले होते. दर रविवारी मी त्याला फोन करी आणि चाचणीत किती गुण पडले, एवढेच विचारी. दुसऱ्या निकालानंतर तो घरी परतला तो अबोल होऊन. आज तो औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन चांगले काम करीत आहे. पण एकदा तो सहज बोलून गेला, “अब्बा, त्या दोन वर्षांत ‘जेवलास का’ असं तुम्ही एकदाही विचारलं नाही.” त्या वाक्याचे उत्तर आजही माझ्याजवळ नाही. अल्लाहजवळ क्षमा मागतो आणि मुलाजवळही मागितली आहे.

शिकवण्यांच्या शहरांतून कोवळ्या मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या मुलांचा न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या घरातले मूल त्या टोकाला जाऊ नये, ही जबाबदारी मात्र आपली आहे. मुलाला झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, ते एकटे-एकटे राहत असेल, तर त्याला उपदेशाची नव्हे, जवळ बसण्याची आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे नेण्याची आवश्यकता आहे. प्रत्येक आजारावर अल्लाहने उपाय ठेवला आहे, ही हदीस मनाच्या आजारालाही लागू आहे.

अशा वेळी आपण घाईने एक आयत सांगतो, की तुम्हाला एखादी गोष्ट नापसंत असेल आणि तीच तुमच्या हिताची असेल (२:२१६). आयत सत्य आहे, पण रडणाऱ्या मुलाचे तोंड बंद करण्यासाठी ती वापरू नये. आपल्या पुत्राच्या, इब्राहीमच्या मृत्यूच्या वेळी पैगंबर (स.) यांच्याही डोळ्यांत अश्रू आले. डोळे पाझरतात, हृदय दुःखी होते, पण आम्ही पालनकर्त्याला पसंत असेल तेच बोलतो, अशा आशयाचे ते म्हणाले. दुःख आणि समाधान एकाच हृदयात राहू शकतात. आधी मुलाला दुःख करू द्यावे.

किती वेळा थांबावे?

सध्याच्या नियमांत ही परीक्षा किती वेळा द्यावी, याला मर्यादा नाही. म्हणून मर्यादा आपणच आखावी लागते आणि ती वर्षाच्या आरंभी शांत मनाने आखावी, निकालाच्या रात्री नव्हे. भाचीने ठरविले आहे, की ही दुसरी परीक्षा शेवटची. गुण पुरले नाहीत तर आयुर्वेद, युनानी, फिजिओथेरपी किंवा नर्सिंग यांपैकी जेथे प्रवेश मिळेल तेथे ती जाईल. याला ती माघार मानीत नाही. नानींच्या खाटेजवळ उभ्या राहिलेल्या मुलीला जे हवे होते, ते या वाटांवरही मिळू शकते. प्रयत्न आणि हट्ट यांत फरक करण्याची हीच खूण मला वाटते. ज्याला सेवा हवी असते त्याला अनेक दारे दिसतात, ज्याला केवळ प्रतिष्ठा हवी असते त्याला एकच दार दिसते.

हा लेख लिहीत असताना तिची परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल, हे अल्लाहच जाणतो. परवा मी त्या दवाखान्यावरून जात होतो. आत एका आजींच्या हातातली गोळ्यांची पाकिटे घेऊन ती त्यांवर पेनने सूर्य आणि चंद्र काढीत होती, म्हणजे वाचता न येणाऱ्या त्या आजींना सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती ते कळावे. जिन्याजवळ तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. हे वर्ष वाया गेलेले नाही, आणि ते निकालाच्या दिवसापूर्वीच सिद्ध झाले आहे.

अल्लाह आपल्या सर्व मुलामुलींच्या कष्टांना बरकत देवो, त्यांच्यासाठी जे हितकर आहे ते सोपे करो, आणि आम्हा आई-वडिलांना त्यांच्या यशाइतकेच त्यांच्या मनालाही जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.